ली बायचा मोकळेपणा ओळीत मोजता येतो

ली बायचं नाव निघालं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: हातात पेला, डोक्यावर चंद्र, आणि नदीतल्या चंद्राला मिठी मारायला वाकून त्यातच बुडालेला एक झिंगलेला कवी. गोष्ट देखणी आहे, यांगत्से नदीकाठच्या त्साइशी इथे ती रुजलेली आहे, पण ती दंतकथाच. ली बाय 762 साली दांगतू इथे आजारपणात वारला. तिथला अधिकारी ली यांगबिंग हा त्याचा भाऊबंद. अंथरुणाला खिळलेल्या ली बायने उशीवरूनच आपली हस्तलिखितं त्याच्या हवाली केली आणि ती त्याने संग्रहात लावली. मरताना ज्याला आपल्या कागदांची एवढी काळजी होती, त्याची कविता नशेत सांडलेली आहे हे मला कधीच पटलेलं नाही. त्याचा मोकळेपणा घडवलेला आहे. अक्षरं मोजत बसलं की तो कसा घडवला तेही दिसतं, आणि जितकं दिसतं तितका हा माणूस आणखी आवडायला लागतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. ली बाय, ली पाय, ली पो ही एकाच माणसाची नावं आहेत. दुसऱ्या अक्षराचा जुना ग्रांथिक उच्चार 'पो'च्या जवळ जातो, आजचा 'बाय'च्या. रिहाकू हे जपानी वाचन. प्रौढपणी घेतलेलं नाव ताइबाय, म्हणजे शुक्राचा तारा. जन्म 701 सालचा, बहुधा मध्य आशियात, आजच्या किर्गिझस्तानातल्या सुयाब या व्यापारी ठाण्यात. पाचेक वर्षांचा असताना कुटुंब सिचुआनला आलं. आज त्याच्या नावावर साधारण 1000 कविता आहेत.

आता स्वभावाला शब्द कोणता लावायचा? चिनी समीक्षेत दोन शब्द फार वापरले जातात. एक 'कुआंग': वेडा, सुसाट, लोकांची पर्वा न करणारा. दुसरा 'पियाओयी': वाऱ्याने उचलल्यासारखा, कशातच न अडकणारा. तेराव्या शतकातला समीक्षक यान यू म्हणतो की ली बायचा पियाओयी त्याच्याच काळातल्या दुसऱ्या मोठ्या कवीला, दू फूला, साधत नाही आणि दू फूचं गंभीर जडपण ली बायला साधत नाही. मराठीत आपला हात चटकन 'कलंदर' किंवा 'अवलिया'कडे जातो, पण त्या शब्दांना दर्ग्याचा धूप चिकटलेला आहे. 'छांदिष्ट' म्हटलं तर तो लहरी वाटतो, 'स्वैर' म्हटलं तर त्याच्या चारित्र्यावर शिंतोडा उडतो. 'फक्कड' बराच जवळचा. पैसा आला-गेला, आवाज खणखणीत, हे त्यात येतं. पण मला सगळ्यांत नेमका वाटतो तो आपला साधा 'मोकळा'. मोकळे केस, मोकळा वेळ, मोकळं मन, नोकरीतून मोकळं करणं. यातली प्रत्येक छटा ली बायच्या कवितेत किंवा आयुष्यात शब्दशः सापडते.

केसांपासूनच सुरू करू. 'उन्हाळ्यातला दिवस, डोंगरात' ही चार ओळींची, अवघ्या 20 अक्षरांची कविता. अर्थ असा:

पांढऱ्या पिसांचा पंखा हलवायचाही कंटाळा,
हिरव्या रानात उघडाच बसलोय.
डोक्याचं वस्त्र काढून कड्यावर टांगलं,
उघड्या माथ्यावर पाइनचा वारा शिंपडतोय.

आजच्या वाचकाला हे सुट्टीच्या दिवसासारखं वाटतं. पण तांग काळातला, म्हणजे ली बायच्या वेळच्या राजवटीतला, प्रौढ पुरुष केसांची गाठ बांधून त्यावर वस्त्र किंवा टोपी घातल्याशिवाय चारचौघांत येत नसे. जुन्या महाराष्ट्रात बोडक्या डोक्याने बैठकीत जाणं जसं अशिष्ट, तसंच काहीसं. सरकारी पदाची खूणही डोक्यावरच असायची. त्यामुळे डोक्याचं वस्त्र दगडाला टांगणं म्हणजे दर्जा उतरवून ठेवणं. पंखाही मुद्दाम आलाय. पांढऱ्या पिसांचा पंखा हा सभ्य, विद्वान माणसाच्या हातातला. तो हलवायचीही तसदी नाही. चौथ्या ओळीतलं क्रियापद तर मला फारच आवडतं. वारा 'वाहत' नाही, पाण्यासारखा 'शिंपडतो'. 20 अक्षरांत कपडे, पंखा, टोपी अशी एकेक गोष्ट बाजूला होते आणि शेवटी उरतो फक्त माथा आणि वारा. उतरवण्याचा हा क्रम बदलला तर कविता पडते. अनुवाद करताना अनेकांचं इथेच चुकतं: दुसऱ्या ओळीतल्या उघड्या अंगावर ते एवढे रेंगाळतात की तिसऱ्या ओळीतली टोपी, जी खरी धाडसाची आहे, ती निसटते.

हीच प्रतिमा शुआनचेंगमधल्या, शिए त्याओ या जुन्या कवीच्या मनोऱ्यावर लिहिलेल्या निरोपाच्या कवितेत येते. 'सुरी काढून पाणी कापलं, पाणी आणखी जोरात वाहतं. पेला उचलून दुःख बुडवलं, दुःख आणखी दुःखी होतं.' आणि शेवट: जगात मनासारखं होत नसेल तर उद्या सकाळी केस मोकळे सोडून होडीत बसून निघून जाईन. केस मोकळे सोडणं म्हणजे राजीनामा.

आता दारू, कारण ती टाळून चालणार नाही. मराठी अनुवादात पहिला खड्डा इथेच आहे. 'मदिरा' लिहिलं की कविता एकदम उमर खय्यामच्या बागेत जाऊन बसते, साकी आणि सुरई आपोआप गोळा होतात. 'दारू' लिहिलं की मराठी कानाला आधी व्यसन ऐकू येतं. ली बायच्या पेल्यातलं पेय धान्याचं, आंबवलेलं. तांदूळ किंवा राळ्यासारखं बारीक धान्य वाफवून गार करायचं, 'चू' नावाची वाळवलेली विरजणाची वडी कुटून त्यात मिसळायची, पाणी घालून मडक्यात ठेवायचं आणि मग गाळायचं. नीट गाळलं तर स्वच्छ, नाही तर गढूळ. ऊर्ध्वपातन केलेली जळजळीत दारू चीनमध्ये पसरली ती कितीतरी नंतर. दू फू म्हणतो, 'ली बाय एक दोउ पितो आणि शंभर कविता लिहितो'. तांग काळातला मोठा दोउ सुमारे 6 लिटरचा. आजच्या कडक दारूच्या हिशेबाने हा आकडा अशक्य, सौम्य आंबवलेल्या पेयाच्या हिशेबाने भरपूर, पण माणसाच्या आवाक्यातला. मी 'मद्य' वापरतो. जिथे आवाज चढतो तिथे सरळ 'दारू'.

आवाज चढतो ती कविता म्हणजे 'चियांग जिन जिउ', म्हणजे साधारण 'घ्या, दारू घ्या'. शीर्षक त्याचं नाही. ली बायच्या कितीतरी आधीच्या हान काळातल्या जुन्या गाण्याचं ते नाव आहे. अशा जुन्या शीर्षकांवर नवी कविता करण्याच्या प्रकाराला युएफू म्हणतात. ली बायचा मोकळेपणा समजायचा तर हा प्रकार समजून घ्यावाच लागतो.

तांग काळात कवीपुढे दोन वाटा होत्या. एक नव्या घाटाची नियमबद्ध कविता: चार किंवा आठ ओळी, प्रत्येक ओळीत 5 किंवा 7 अक्षरं, कुठल्या जागी सपाट स्वर आणि कुठे वळता स्वर (चिनी अक्षराच्या उच्चारातला चढ-उतार) हे ठरलेलं, आठ ओळींच्या रचनेत मधल्या दोन जोड्या शब्दाला शब्द तोलून धरलेल्या. आपल्या अक्षरगणवृत्तात लघु-गुरूची जागा जशी हलत नाही, तसंच. दुसरी वाट जुन्या घाटाची: ओळी हव्या तितक्या, यमक मध्येच बदलायची मुभा, स्वरांचं बंधन सैल. हिला मुक्तछंद म्हणू नये. आपल्याकडची जवळची तुलना ओवीशी. ओवीत अक्षरसंख्या कमी-जास्त होते, पण यमक आणि चाल तुम्हाला धरून ठेवतात. ली बायने आपली मोठी ताकद या दुसऱ्या वाटेवर लावली. सात अक्षरी ओळींची नियमबद्ध अष्टपदी हा दरबारी आणि परीक्षार्थी कवींचा प्रतिष्ठेचा प्रकार. दू फूच्या अशा रचना दीडशेच्या घरात आहेत, ली बायच्या अगदी थोड्या. नियम येत नव्हते म्हणून नव्हे. पाच अक्षरी नियमबद्ध कविता तो सफाईने लिहितो. सात अक्षरी ओळीला त्याला श्वास वाढवायचा असे, आणि अष्टपदी तो वाढवू देत नाही.

'चियांग जिन जिउ'त श्वास कसा वाढतो ते बघा. सुरुवात 10 अक्षरांची: 'तुम्हाला दिसत नाही का' ही 3 अक्षरं गणनेबाहेरची हाक, आणि मग 7 अक्षरांत पीत नदीचं पाणी आकाशातून उतरतं. पुढच्या 7 अक्षरांत ते धावत समुद्राला मिळतं, परत येत नाही. लगेच पुन्हा तीच हाक, आणि आता आरशात पांढरे केस: सकाळी काळं रेशीम, संध्याकाळी बर्फ. मग सात-सात अक्षरांच्या ओळींची धाव. 'आकाशाने मला गुण दिलाय तो उपयोगी पडणारच, हजार मोहरा उधळल्या तरी परत येतील.' मग एकाएकी चार ठोके, प्रत्येकी 3 अक्षरांचे:

त्सेन गुरुजी!
दानचिउ बाबा!
दारू घ्या,
पेला थांबवू नका!

त्सेन शुन आणि युआन दानचिउ ही खरीखुरी मित्रमंडळी. लांब ओळींच्या मध्ये या तीन अक्षरी हाका आल्या की टेबलावर थाप पडल्यासारखं होतं. ही लय मराठीत आणायची असेल तर त्या चार ओळी लांबवू नका. 'हे माझ्या प्रिय मित्रा दानचिउ' असं लिहिलं की मैफल संपलीच.

शेवट तर फारच धीट आहे. यजमान म्हणतो पैसे कमी आहेत. ली बाय इथे पाहुणा आहे हे विसरू नका. आणि हा पाहुणा म्हणतो: पैसे कमी आहेत असं का म्हणता? तो ठिपक्यांचा घोडा, तो हजार मोहरांचा कातडी अंगरखा, पोराला हाक मारा, बाहेर काढा, विकून चांगली दारू आणा, तुमच्यासोबत दहा हजार पिढ्यांचं दुःख विरघळवून टाकू. शेवटच्या शब्दापर्यंत दुःखाचा उच्चार त्याने थोपवून धरलाय. सुरुवातीच्या आरशातले पांढरे केस तिथे पोचतात. दुनह्वांगच्या गुहेत सापडलेल्या तांग काळातल्या हस्तलिखितात ही कविता 'पेला रिकामा राहील याची खंत' अशा अर्थाच्या शीर्षकाने येते आणि तिथे आरसा 'उंच दालना'त नसून 'पलंगाच्या उशाशी' आहे. मला उशाशी असलेला आरसा जास्त भिडतो. सकाळी उठल्याउठल्या दिसतो तो.

कवितेत मद्याचा भाव दोउला 10,000 नाणी सांगितलाय. हा बाजारभाव नाही. त्याच्या पाच शतकं आधीचा राजपुत्र-कवी त्साओ झी याच्या ओळीतून तो उचललेला आहे. दू फूच्या एका कवितेत एक दोउ 300 तांब्याच्या नाण्यांना मिळतो. हा हिशेब हाताशी असू द्या, कारण तरुणपणी लिहिलेल्या एका पत्रात ली बाय म्हणतो की यांगझोउला एका वर्षाच्या आत आपण 3,00,000 हून जास्त उधळले, अडचणीत सापडलेल्या सुशिक्षित पोरांना मदत करण्यात. दू फूच्या भावाने हे 1000 दोउ, म्हणजे सुमारे 6000 लिटर होतात. त्याच पत्रात आणखी एक प्रसंग आहे आणि त्याच्या उधळेपणाचा तोल मला तिथे सापडतो. सिचुआनहून बरोबर निघालेला मित्र वू झिनान दोंगतिंग सरोवराजवळ वारला. ली बायने त्याला तिथेच तात्पुरतं पुरलं. काही वर्षांनी परत येऊन उकरून काढलं, हाडं स्वतःच्या हातांनी धुतली, पाठीवर बांधून नेली आणि नीट दफन केलं. पैसा आणि मित्र या दोन गोष्टींपैकी कोणती सोडायची आणि कोणती धरून ठेवायची हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एक ओळ अगदी जवळून बघण्यासारखी आहे. 'डोंगरात एकांतवासी मित्राबरोबर पिताना' या चार ओळींच्या कवितेतली दुसरी ओळ: 'यी बेइ यी बेइ फू यी बेइ'. एक पेला, एक पेला, आणखी एक पेला. सात अक्षरांच्या ओळीत 'यी बेइ' तीनदा. नियमबद्ध चतुष्पदीत शब्द असा पुन्हापुन्हा आणत नाहीत, कारण जागाच 28 अक्षरांची. शिवाय दुसऱ्या आणि चौथ्या जागी विरुद्ध स्वर हवेत. इथे दोन्हीकडे तोच 'बेइ', तोच सपाट स्वर. नियम उघडपणे मोडलाय आणि तरी यमक शाबूत आहे. आजच्या उच्चारात पहिल्या ओळीचं 'खाय' आणि दुसरीचं 'बेइ' जुळत नाहीत, पण तांग काळातल्या यमकाच्या गटात ते एकत्र येतात. नियम कुठे तोडायचा आणि कुठे पाळायचा याचा एवढा नेमका अंदाज झिंगलेल्या हाताला येत नाही.

पुढची ओळ: 'मला चढलीये, झोपतो, तू आता जा.' जगातली सगळ्यात उत्स्फूर्त वाटणारी ओळ! पण हे शब्द ताओ युआनमिंगचे. तीनेक शतकं आधीचा हा कवी पेंगझेचा अधिकारी होता. पाच मापं तांदळासाठी मी कंबर वाकवणार नाही म्हणून त्याने 405 साली पद सोडलं. आलेल्या कुणाही पाहुण्याला, तो मोठा असो की लहान, तो हेच सांगे, अशी इतिहासात नोंद आहे. ली बायने त्या वाक्यातलं एकच अक्षर बदललं, 'जाऊ शकतोस'चं 'तूर्त जा' केलं, आणि चौथी ओळ जोडली: 'उद्या सकाळी वाटलं तर वीणा घेऊन ये.' मूळ वाक्यात निरोप होता, इथे उद्याचं आमंत्रणही आहे. मराठीत इथे 'तू'च हवं. 'आपण आता निघावं' म्हटलं की मैत्री संपून पाहुणचार सुरू होतो.

मोकळेपणाचीही परंपरा असते. सरोवराकाठचा लूशान डोंगर चढताना 'मी मुळातच छू देशाचा वेडा' म्हणतो तेव्हा तो कन्फ्युशियससमोरून गाणं म्हणत गेलेल्या जुन्या वेड्याची जागा घेतो. आणि या बाबतीत सगळ्यात गमतीची, आपल्याला घरची वाटावी अशी कविता म्हणजे हूझोउच्या एका अधिकाऱ्याला दिलेलं उत्तर. त्याने विचारलं होतं, हा ली बाय कोण? त्या अधिकाऱ्याचं आडनाव जियाशे. जियाशे म्हणजे काश्यप! तांग दरबारात भारतीय वंशाची घराणी होती, पंचांग आणि ज्योतिर्गणितात त्यांचं नाव होतं, आणि काश्यप हे त्यातलं एक आडनाव. उत्तर असं:

नीलकमल गृहस्थ, स्वर्गातून हद्दपार झालेला;
मद्याच्या दुकानांत नाव लपवून तीस वसंत गेले.
हूझोउच्या साहेबा, विचारायचं कशाला?
सुवर्णकण तथागत, त्याचाच मी पुढचा जन्म.

'मद्याच्या दुकानात नाव लपवलं' म्हणजे नुसतं पिऊन पडलो असं नाही. चिनी परंपरेत सुवर्णकण तथागत म्हणजे वैशालीच्या विमलकीर्तीचं पूर्वीचं रूप. विमलकीर्ती हा संन्यासी नव्हे, गृहस्थ. त्याच्या नावाच्या बौद्ध सूत्रात तो मद्याच्या दुकानांतही जातो, तिथल्या लोकांचं मन थाऱ्यावर आणायला. आणि त्याच सूत्रात बुद्धाचे मोठमोठे शिष्य त्याच्यासमोर जायला कचरतात, त्यातला एक महाकाश्यप. म्हणजे काश्यप आडनावाच्या माणसाने 'तू कोण' विचारलं आणि ली बाय म्हणाला, तुमच्या पूर्वजाला ज्याने निरुत्तर केलं तोच मी. 28 अक्षरांत बढाई, विनोद आणि बौद्ध सूत्राची पक्की तयारी. 'नीलकमल' हे त्याने स्वतः घेतलेलं नाव. 'हद्दपार झालेला दिव्य पुरुष' हे नाव मात्र वृद्ध कवी हे झीझांगने राजधानी चांगआनमध्ये त्याला पाहताक्षणी दिलं आणि कमरेचं सोन्याचं कासव, म्हणजे पदाची खूण, सोडून त्या बदल्यात मद्य मागवलं.

चांगआनचा काळ फार लहान आहे: 742 ते 744. सरकारी परीक्षेला तो कधी बसला नाही, पण पद नको होतं असंही नाही. उलट त्याने मोठ्या लोकांना अर्जवजा पत्रं लिहिली. हान जिंगझोउ या अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की पंधराव्या वर्षी तलवारीचा नाद लागला, तिसाव्या वर्षी लेखन पक्कं झालं, उंची सात छीही (छी म्हणजे साधारण फूटभर) नाही पण मन दहा हजार माणसांवर भारी. काही वाचकांना हे अर्ज खटकतात, मोकळ्या माणसाने असं का करावं म्हणून. मला ते खटकत नाहीत. राज्याच्या कामी यावं ही इच्छा त्याने कधी लपवली नाही. बोलावणं आलं तेव्हा 'आकाशाकडे बघून मोठ्याने हसत दाराबाहेर पडलो, माझ्यासारखा माणूस काय रानगवतात राहणारा आहे?' असं त्याने लिहिलं. सम्राट शुआनझोंगच्या दरबारात त्याचं काम निघालं समारंभाला कविता पुरवण्याचं. सम्राटाची लाडकी यांग गुइफेइ हिच्या सौंदर्यावरची तीन गाणी त्याच्या नावावर आहेत. खोजा गाओ लिशीकडून बूट काढून घेतल्याची गोष्ट नंतरच्या आख्यायिकांनी रंगवली. 744 साली त्याला सोनं देऊन परत पाठवलं गेलं. चिनी नोंदीतलं क्रियापद अगदी आपल्या 'मोकळं केलं'सारखं आहे.

त्यानंतर लिहिलेली त्यानमू डोंगराच्या स्वप्नाची कविता या ओळीवर संपते: 'भुवया झुकवून, कंबर वाकवून मी बड्यांची चाकरी कशी करू? माझा चेहरा खुलू देत नाही ती.' सात अक्षरी चालीत ही ओळ मुद्दाम 9 अक्षरांची आहे. वाकण्याचं वर्णन करणारी ओळच चौकटीबाहेर येते. 'कंबर वाकवणं' पुन्हा ताओ युआनमिंगकडून आलेलं.

अक्षरांचा हा खेळ 'शूची वाट कठीण' (शू म्हणजे सिचुआन) या कवितेत टोकाला जातो. सुरुवात तीन उद्गारांनी, नुसते आवाज. पुढे ओळ कधी 4, कधी 7, कधी 9, आणि एका ठिकाणी थेट 11: 'अरे लांबून आलेल्या माणसा, तू इथे आलासच कशाला?' तीच एक ओळ, सिचुआनची वाट चढणं आकाश चढण्याहून अवघड, तीनदा परतते. मोठ्याने वाचून बघा: धाप लागते, आणि ओळीला तेच हवं आहे.

आकड्यांबद्दल एक सूचना, कारण अनुवादक हमखास बिचकतात. 'पांढरे केस तीन हजार झांग'. एक झांग साधारण 3 मीटर, म्हणजे 9 किलोमीटर लांबीचा केस. हा 'लांबच लांब' करून टाकला की ओळ मेली. पुढच्या ओळीत तो कारण देतो: दुःखामुळे एवढे वाढले. आकडा ठेवा. सर्वनाम मात्र काढा. 'शांत रात्री' या त्याच्या सगळ्यात प्रसिद्ध 20 अक्षरांत 'मी' कुठेच नाही. मान वर, चंद्र. मान खाली, गाव. मराठीत हे सहज जमतं, उगाच 'मी माझी मान' लिहू नये. आणि जुन्या, तांगनंतरच्या सोंग काळातल्या पाठात तिथे 'डोंगरावरचा चंद्र' आहे. आज मुलं पाठ करतात तो 'तेजस्वी चंद्र' नंतर आला. मला डोंगर हवा. गाव त्याच डोंगरापलीकडे असणार.

755 मध्ये सेनापती आन लुशानचं बंड झालं. ली बाय राजपुत्र युंगच्या गोटात गेला. राजपुत्राचा नव्या सम्राटाशी संघर्ष झाला, तो हरला, आणि ली बायवर राजद्रोहाचा ठपका आला. शुनयांगला तुरुंग, मग येलांगला हद्दपारी. स्वर्गातून हद्दपार म्हणवून घेणाऱ्याला आता खरोखरची हद्दपारी. यांगत्सेच्या घळ्यांतून प्रवाहाविरुद्ध जाताना त्याने लिहिलं: 'तीन सकाळी पिवळ्या बैलाचा कडा चढतोय, तीन संध्याकाळी फारच हळू, तीन सकाळी, तीन संध्याकाळी, कानशिलं कधी पांढरी झाली कळलंच नाही.' 759 साली वाटेतच माफी झाली. तीच नदी, आता प्रवाहाबरोबर: 'सकाळी रंगीत ढगांतलं बायदी सोडलं, हजार ली (अंतराचं चिनी माप) दूरचं जियांगलिंग एका दिवसात, दोन्ही काठांवर वानरांचा आवाज थांबत नाही, हलकी होडी दहा हजार डोंगर ओलांडून गेली.' पहिल्या कवितेत 'तीन', 'सकाळ', 'संध्याकाळ' पुन्हापुन्हा येऊन पाय ओढतात. दुसरीत एकही शब्द मागे वळत नाही. आणि 'सकाळी बायदी, संध्याकाळी जियांगलिंग' हेही नद्यांवरच्या सहाव्या शतकातल्या एका ग्रंथातून आलेलं. सुटकेचा आनंद असा उसळत असतानाही त्याचं वाचन त्याच्या हाताशी होतं. या दोन कविता जोडीने वाचाव्यात, एकटी दुसरी वाचू नये.

या मोकळेपणाची किंमत घरच्यांनी मोजली, आणि हेही तोच सांगतो. बायकोला लिहिलेल्या चार ओळींत म्हणतो: 360 दिवस, रोज चिखलासारखा लोळलेला, ली बायची बायको झालीस खरी, पण त्या व्रतस्थ मंत्र्याच्या बायकोहून तुझं वेगळं ते काय? तो हान काळातला मंत्री वर्षातले 359 दिवस उपास करी आणि उरलेल्या दिवशी पिऊन पडे, अशी जुनी म्हण होती. पूर्वेकडच्या लू प्रांतात ठेवलेल्या मुलांना नानजिंगहून पाठवलेली कविता त्याहून खोल आहे. ती शेतातून सुरू होते: इकडे तुतीची पानं हिरवी झाली, रेशीमकिडे तीनदा झोपून उठले, आणि तिकडे माझी शेती कोण करणार? मग घर आठवतं. घराच्या पूर्वेला मी लावलेलं पीचचं झाड, तीन वर्षं होत आली, आता माडीएवढं झालं असेल. मुलगी पिंगयांग फूल तोडून झाडाला टेकून उभी असेल, फूल हातात आणि बाबा दिसत नाही म्हणून डोळ्यांतून झरा. धाकटा बोचिन बहिणीच्या खांद्याला लागला असेल. दोघं झाडाखाली चालतात. त्यांच्या पाठीवरून हात कोण फिरवणार? इथे एकही अतिशयोक्ती नाही, तीन हजार झांग नाहीत. झाडाची उंची आणि मुलाची उंची, एवढंच मोजमाप.

बोचिन 792 मध्ये वारला. पुढे फान च्वानझेंग हा अधिकारी त्या भागात आला. वडिलांच्या कागदांत त्याला ली बायबरोबरच्या रात्रीच्या मेजवानीची कविता सापडली होती. तीन-चार वर्षं शोधल्यावर ली बायच्या दोन नाती सापडल्या. दोघी शेतकऱ्यांच्या बायका. त्यांच्या पेटीत बोचिनच्या हातच्या दहा-बारा ओळी होत्या, कागद विरलेला, अक्षरं गळलेली. भाऊ बारा वर्षांपूर्वी भटकायला निघाला होता आणि कुठे आहे कुणाला माहीत नव्हतं. फानने दोघींना चांगल्या घराण्यात पुन्हा लग्न लावून देतो म्हटलं. त्यांनी नाही म्हटलं. मागितलं ते एवढंच: आजोबांना चिंगशान डोंगरावर पुरायचं होतं, जिथे त्यांचा आवडता कवी शिए त्याओ राहिला होता, आणि त्यांची कबर तिथे नाही. फानने दोघींच्या घरांचा कर आणि वेठ माफ केली, आणि 817 साली कबर चिंगशानच्या पायथ्याशी हलवली.